पोटोमॅकच्या काठाने, खेचरांच्या वाटेने

मोनोकसीच्या जलसेतूवर सायकल हातात धरून चालायची असते. पुढे असलेला भाचा उतरतो, त्याच्यामागे मी उतरते. खाली मोनोकसी नदी संथ आणि मातकट. थोडं पुढे गेली की ती पोटोमॅकला मिळते. सप्टेंबर संपत आलाय, सकाळचे साडेसात वाजलेत आणि पाण्यावरचं धुकं अजून पुरतं उठलेलं नाही. या पुलाला सात कमानी आहेत, प्रत्येक 54 फुटांची. दगड पांढरा, मधूनच गुलाबी झाक असलेला, जवळच्याच शुगरलोफ डोंगराच्या पायथ्याचा. 1829 ते 1833 अशी चार वर्षं हे बांधकाम चाललं. कठड्याच्या दगडावरून हात फिरवला की छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात.

या पुलावरून पूर्वी नावा जायच्या. नदीवर पूल, पुलावर कालवा, कालव्यात कोळशाने भरलेली नाव आणि कडेच्या या वाटेवरून दोर ओढत चालणारी खेचरं. आपल्याकडे कालवा म्हटलं की शेतात जाणारं पाटाचं पाणी डोळ्यांपुढे येतं. हा कालवा शेतीसाठी नव्हताच, तो वाहतुकीचा रस्ता होता. चेसापीक अँड ओहायो कालवा. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपासून मेरीलँडच्या डोंगरातल्या कंबरलंडपर्यंत 184.5 मैल, म्हणजे 297 किलोमीटर, पोटोमॅकचा हात न सोडता जाणारा. नावा 1924 मध्ये थांबल्या. खेचरांची वाट मात्र सलग राहिली. इथले लोक तिला टोपाथ म्हणतात, आणि आज तिच्यावरून माणसं चालतात, सायकली जातात. आम्ही त्यातला मधला तुकडा घेतलाय, इथून विल्यम्सपोर्टच्या जरा पुढेपर्यंत, सुमारे 95 किलोमीटर.

"मावशी, या पुलाला सुरुंग लावायला आले होते," भाचा सांगतो. तो इथून जवळच, जर्मनटाऊनला राहतो आणि ही वाट त्याच्या ओळखीची आहे. 1862 च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, दक्षिणेच्या सैन्याने हा जलसेतू उडवायचा घाट घातला होता. वॉशिंग्टनला जाणारा कोळसा त्यांना तोडायचा होता. पण चिरेबंदी इतकी कठीण निघाली की त्यांच्या हत्यारांनी सुरुंगापुरती भोकं पाडता येईनात. ते नाद सोडून निघून गेले. तोफांच्या काळात तगलेला पूल पुढे पुरांनी खिळखिळा केला. 1972 च्या अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरानंतर तर त्याला लोखंड-लाकडाचा आधार देऊन उभा ठेवावा लागला होता. 2005 मध्ये नीट दुरुस्ती झाली तेव्हा तो आधार निघाला. चालत पलीकडे पोचायला आम्हाला दोन-तीन मिनिटं लागतात. घाई करावीशी वाटत नाही.

पलीकडे वाट झाडांत शिरते. आता सायकलवर. डावीकडे नदी, उजवीकडे कालव्याची कोरडी चर, मधे आम्ही. गेल्या काही वर्षांत या वाटेवर टप्प्याटप्प्याने दगडाची बारीक कच पसरून रोलर फिरवलाय. दाबलेल्या मुरमासारखा तिचा पृष्ठभाग. टायरखाली एकसारखी करकर चालू राहते. रुंद टायर, कमी हवा, त्यामुळे हाताला धक्का जवळजवळ नाही. अधूनमधून जुना तुकडा येतो. तिथे चाकांच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, आडवी गेलेली मुळं. काळ्या अक्रोडाची हिरवी फळं वाटभर पडलेली आहेत, लिंबाएवढी आणि टणक. पुढचं चाक त्यांच्यावर चढलं तर घसरतं, म्हणून नजर दहा फूट पुढे ठेवावी लागते. तरीही मान डावीकडे वळतेच. सायकॅमोरचे पांढरे बुंधे पाण्यावर वाकलेत. एका ओंडक्यावर कासवं ओळीने ऊन खात बसलीत आणि आमची चाहूल लागताच एकामागून एक पाण्यात जातात.

चढ नाही. हीच या वाटेची सगळ्यांत मोठी गोष्ट, आणि ती पायांना आधी कळते, डोक्याला नंतर. सबंध 297 किलोमीटरमध्ये हा कालवा चढतो तो फक्त 605 फूट. नदी इथे खडकांवरून उड्या मारत येते, डोंगर फोडून येते, तिच्या काठाशी असा सपाट रस्ता आपोआप असायचं कारण नाही. ही सपाटी माणसांनी केली. कुदळ, फावडं, हातगाडी आणि सुरुंगाची दारू, एवढ्यावर. आयर्लंडहून आलेले मजूर, त्यांच्याबरोबर इंग्लंड-वेल्सचे, जर्मन. त्यांनी जिथे डोंगर आडवा आला तिथे तो छिलला, जिथे ओढा आला तिथे जलसेतू बांधला, आणि जिथे पाण्याला पायरी चढवायची तिथे लॉक बांधलं. मी आज कुठल्याही गिअरमध्ये न कुरकुरता पायडल मारतेय ते त्यांच्या जिवावर. निसर्गरम्य म्हणून या वाटेचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. रम्य ती आहेच. पण तिला निसर्ग म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

पॉइंट ऑफ रॉक्सला डोंगर थेट नदीवर येऊन थांबलाय. वाट अरुंद होते, आणि उजव्या हाताला कालव्यापलीकडून मालगाडी येते. डोंगरात बोगदा आहे, त्यातून तिचं इंजिन बाहेर पडतं, मग डबे, डबे, डबे. जमीन हँडलमधून थरथरते. बोलणं शक्यच नाही. आम्ही पाय टेकून उभे राहतो.

या एवढ्याशा जागेसाठी कालवा आणि रेल्वे कोर्टात भांडले. 1828 च्या 4 जुलैला, एकाच दिवशी, दोन्ही कामांचा नारळ फुटला. वॉशिंग्टनजवळ अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी कालव्याची पहिली कुदळ मारायला फावडं उचललं आणि ते मुळावर आपटलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी कोट काढून ठेवला आणि जोर लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिकडे बाल्टिमोरला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची पहिली शिळा बसत होती. दोघांनाही पश्चिमेकडे ओहायो नदीच्या खोऱ्यात पोचायचं होतं आणि दोघांच्याही वाटेत ही डोंगर आणि नदीमधली चिंचोळी पट्टी. 1832 मध्ये कोर्टाने कौल कालव्याच्या बाजूने दिला. पण रेल्वे कंबरलंडला 1842 मध्ये पोचली आणि कालवा 1850 मध्ये. ओहायो नदी कालव्याने कधी पाहिलीच नाही, ती फक्त त्याच्या नावात राहिली. शेवटचा डबा जातो. भाचा म्हणतो, "जिंकलेली पार्टी अजून ओरडतेय." त्याच्या वयाला शोभेल असं बोलतो, पण मला हरलेल्याबद्दलच जास्त वाटतं. हरला म्हणून त्याच्या काठाने आज सायकल चालवता येतेय. रेल्वेच्या रुळांवरून आम्हाला कोण जाऊ देणार होतं?

पुढे कॅटॉक्टिन ओढ्यावरचा जलसेतू. तीन कमानींतल्या दोन 1973 मध्ये कोसळल्या होत्या, आणि पुढे कितीतरी वर्षं इथून लोक लष्करी धाटणीच्या लोखंडी पुलावरून जायचे. 2011 मध्ये तो पुन्हा दगडात उभा राहिला. नवे दगड आणि जुने दगड अजून ओळखू येतात. ते मिसळून जायला त्यांना वेळ द्यायला हवा.

एका लॉकपाशी थांबतो. केळी, चिक्की, पाणी. लॉक म्हणजे दगडी भिंतींची लांबट पेटी, रुंदीला 15 फूट. नाव साडेचौदा फूट रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन इंच सोडून 92 फूट लांबीची, शंभर टनांहून जास्त कोळसा भरलेली नाव आत घालायची. मागचा दरवाजा लावायचा, पुढच्या दाराच्या झडपा उघडायच्या, पाणी उतरतं, नाव आठेक फूट खाली जाते. अशी 74 लॉकं. सायकलवाल्याला लॉक आलं हे वाटेच्या छोट्याशा चढावरून कळतं. आठ-दहा पायडल जोरात मारली की संपला. दिवसभराचे चढ काय ते एवढेच.

लॉकच्या कोपऱ्यातल्या चिऱ्यावर बोटभर खोल, गुळगुळीत खाचा पडल्यात. नावा ओढणाऱ्या दोरांच्या. आजोळच्या विहिरीच्या काठावर पोहऱ्याच्या दोराने पडलेले वळ असेच होते. नुसता दोर, दगड ग्रॅनाइटसारखा कठीण, आणि तरी दोर जिंकलाय. कारण दोर रोज येत होता. बाजूला लॉकवाल्याचं चुना लावलेलं पांढरं छोटं घर आहे, दारं बंद. लॉकवाल्याची नोकरी दिवसरात्रीची. लॉक जवळ आलं की नाववाले हाक देत किंवा शिंग फुंकत, मग मध्यरात्र असो की पाऊस. नावेवर बहुधा सबंध कुटुंबच असायचं. बाप सुकाणूवर, आई चुलीशी, आणि खेचरांबरोबर या वाटेवरून चालायला पोरं. दहा-बारा वर्षांची, कधी त्याहून लहान. तान्ही-रांगती मुलं पाण्यात पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने नावेच्या टपाला बांधून ठेवत. कंबरलंडहून जॉर्जटाऊनला पोचायला पाच ते सात दिवस. मी सायकलने आत्ता ज्या वेगाने आले, त्या वेगाने या वाटेवर त्या काळी कुणीच गेलं नसेल. खेचरांची चाल ताशी दोन-तीन मैल.

ब्रन्सविक मागे पडतं. तिथे पुन्हा रेल्वेचं मोठं यार्ड. त्यानंतर वेव्हर्टनपाशी पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेले पदयात्री भेटू लागतात. अ‍ॅपलेचियन ट्रेल डोंगरावरून उतरून काही मैल याच वाटेने जाते. आम्ही घंटी वाजवतो, वेग कमी करतो, "डावीकडून येतोय" असं सांगतो. नियमच आहे: चालणाऱ्याला आधी वाट, आणि कुठे कालव्यावर अजून खेचरं जुंपलेली दिसली तर त्यांना सगळ्यांच्या आधी.

हार्पर्स फेरीसमोर येतो तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं. शेनंदोआ आणि पोटोमॅक इथे एकमेकींना भेटतात आणि दोघी मिळून निळ्या डोंगररांगेतून वाट काढतात. पलीकडच्या तीरावर गाव उतारावर चढत गेलंय. 1859 च्या ऑक्टोबरमध्ये जॉन ब्राउन गुलामगिरी मोडायला मूठभर साथीदार घेऊन याच काठावरून रात्री पूल ओलांडून तिथल्या शस्त्रागारावर चालून गेला. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि गावात पाट्याही आहेत. मी इथे, कालव्याच्या काठावर, दुसऱ्याच माणसांचा विचार करतेय. 1832 च्या उन्हाळ्यात कालव्यावरच्या मजुरांच्या छावण्यांत कॉलरा शिरला. झोपड्यांत दाटीने राहणारी, नदीचं पाणी पिणारी माणसं. जे धडधाकट होते ते काम टाकून पळाले, जे पळू शकले नाहीत ते तिथेच गेले. त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत. दगडांवर आहेत त्या पाथरवटांच्या खुणा, कुणाची फुली, कुणाचा बाण, आपण घडवलेला चिरा आपला म्हणून ओळखू यावा यासाठी. त्या मला आज दोन-तीन ठिकाणी दिसल्या आणि प्रत्येक वेळी मी थांबले. भाचा न कंटाळता थांबतो, हे त्याचं मोठेपण.

"मावशी, वास येतोय का तुला?" हार्पर्स फेरी सोडून काही मैल गेल्यावर तो विचारतो.

येतोय. गोड, जड, पिकलेल्या फळाचा. वाटेच्या दोन्ही बाजूंना सावलीत हातहात लांब पानांची सडपातळ झाडं दाटलीत, पानं खाली लोंबणारी. पॉपॉ. जमिनीवर हिरवी-पिवळी, काळे डाग पडलेली, मुठीएवढी फळं. भाचा एक उचलून दाबून बघतो, चाकूने उभं चिरतो. आत पिवळा, साईसारखा मऊ गर आणि त्यात चपट्या, तपकिरी, चकचकीत बिया. मी चमच्याने गर खाते. आधी केळं, मग आंबा, आणि मग एकदम ओळख पटते. सीताफळाच्याच घरातलं आहे हे. वनस्पतिशास्त्रातही तसंच आहे: पॉपॉ, सीताफळ, रामफळ, सगळी एकाच कुळातली. बाकीचं सगळं गणगोत उष्ण देशांत राहिलं आणि हे एक बर्फ पडणाऱ्या मुलखात वस्तीला आलं. सालाला चिकटलेला गर दातांनी ओढून खावा लागतो आणि बिया तोंडात घोळवून बाहेर टाकाव्या लागतात, अगदी आपल्या सासवडकडच्या सीताफळासारख्या. दुकानात हे फळ सहसा मिळत नाही. पिकल्यावर दोन-तीन दिवसांत काळं पडतं, प्रवास सोसत नाही. ते खायचं तर त्याच्या झाडाखाली यायचं आणि तेही याच दिवसांत. आम्ही चार फळं संपवतो. हात चिकट होतात. नदीत धुतो.

दुपार अशीच जाते. अँटिटमच्या ओढ्यावर तीन कमानींचा जलसेतू, सुबक, सावलीत. त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला 17 सप्टेंबर 1862 ला एका दिवसाच्या लढाईत सुमारे 23,000 माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. ओढा कमरेइतका खोल. शेपर्डस्टाऊनच्या पुलाखालून जातो. मग लांबलचक, निर्मनुष्य तुकडे. कालव्याच्या चरीत आता झाडं आहेत. बारकी नाहीत, माझ्या कवेत न मावणारी. जिथून नावा जायच्या तिथे मेपल आणि सायकॅमोर उभे आहेत.

चौथ्या धरणानंतर वाट अचानक झाडांतून बाहेर पडते आणि सरळ नदीवर येते. बिग स्लॅकवॉटर. उजवीकडे चुनखडीचा कडा, डावीकडे धरणाने अडवलेलं रुंद, हिरवं पाणी, मधे एका गाडीइतकी काँक्रीटची पट्टी. कडा इतका उभा की इथे कालवा खोदणं परवडेना. म्हणून धरणाच्या पाण्यातूनच नावा न्यायच्या ठरल्या आणि खेचरांसाठी कड्याला टेकून नुसती वाट केली. पुरांनी ती वाट धुऊन नेली, आणि मग कितीतरी वर्षं सायकलवाल्यांना इथे गाड्यांच्या अरुंद, वळणाच्या रस्त्यावरून वळसा घालावा लागायचा. 2012 मध्ये खांबांवर ही नवी पट्टी टाकली आणि तो वळसा संपला. टायरची करकर थांबते. दिवसात पहिल्यांदा वारा समोरून लागतो. एक राखी बगळा आमच्या पुढे उडतो, शंभर फुटांवर बसतो, आम्ही जवळ गेलो की पुन्हा उडतो.

हे सगळं उद्यान आहे, राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान, 1971 पासून. पण ते होता होता राहिलं असतं. कालव्याच्या जागेवर गाड्यांसाठी रस्ता करायचा बेत होता आणि 1954 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखात त्याला पाठिंबाही दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहिलं: माझ्याबरोबर ही वाट चालून बघा, मग बोला. मार्चमध्ये कंबरलंडहून सगळे निघाले. बर्फ, पाऊस, फोड आलेले पाय. आठ दिवसांनी वॉशिंग्टनला पोचले तेव्हा सबंध वाट पायी चाललेले डग्लस धरून नऊ जण उरले होते. त्या वर्तमानपत्राने आपलं मत बदललं. त्याही आधी, 1938 ते 1942 च्या सुमारास, मंदीत काम मिळालेल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या दोन तुकड्यांनी वॉशिंग्टनजवळचा कालव्याचा तुकडा उकरून, लॉकं दुरुस्त करून पुन्हा पाण्याने भरला. न्यायमूर्तींची गोष्ट सगळे सांगतात. या तरुणांची कमी ऐकू येते, म्हणून मी भाच्याला ती सांगते, आणि या वेळी त्याला ती नवी असते.

विल्यम्सपोर्टला पोचतो तेव्हा सावल्या लांब झाल्यात. इथे कालव्यात पाणी आहे. कॉनोकोचीगच्या जलसेतूची एक बाजू 1920 मध्ये कोसळली तेव्हा एक नाव सरळ खालच्या ओढ्यात गेली होती. 2019 मध्ये जलसेतू दुरुस्त करून त्यात पुन्हा पाणी सोडलं. आता खाली ओढा वाहतोय, वर कालवा भरलाय, आणि सकाळी मोनोकसीवर मला जे मनाने भरून घ्यावं लागलं होतं ते इथे डोळ्यांसमोर आहे. या गावाच्या आसपास 1834 च्या जानेवारीत आयरिश मजुरांच्याच दोन गटांत कामावरून रक्तपात झाला आणि अध्यक्ष जॅक्सन यांनी सैन्य धाडलं. मजुरांच्या तंट्यात केंद्राचं सैन्य उतरण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ. कामाची खात्री नाही, पगार थकलेला, पुढच्या आठवड्याची भाकरी कुणाला मिळणार हे ठरवायला काठ्या. शंभरावा मैलाचा खांब गावाबाहेर लगेच येतो.

मुक्काम त्याच्या थोडं पुढे, नदीकाठच्या मोकळ्या जागेत. टोपाथवर अशा जागा दर काही मैलांवर आहेत: एक टेबल, चूल पेटवायचं कडं, एक संडास आणि हातपंप. पैसे पडत नाहीत. पंपापाशी एक साठीचे गृहस्थ आहेत, दाढी चिखलाने माखलेली, सायकलला चारही बाजूंनी पिशव्या. पिट्सबर्गहून येतायत. कंबरलंडला हा टोपाथ संपतो तिथे ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज सुरू होतो, जुन्या रेल्वेमार्गावरचा, 150 मैलांचा. दोन्ही मिळून पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन कुठे मोटारींच्या रस्त्यावर जवळजवळ न येता जाता येतं.

"खिंडीत चढलो, 2,392 फुटांवर," ते सांगतात. "तिथून कंबरलंडपर्यंत 24 मैल नुसता उतार. आणि मग हे. इतकं सपाट की सुरुवातीला पायांना काय करावं तेच कळेना. तुम्ही उद्या कुठवर?"

"पॉपॉच्या बोगद्यापलीकडे जायचंय," भाचा म्हणतो.

"मग दिवा काढून ठेवा. सायकल ढकलत जावं लागतं आणि आत वाट अरुंद आहे. 3,118 फूट." तो बोगदा दोन वर्षांत होईल म्हणून 1836 मध्ये सुरू केला होता, तो 1850 मध्ये पुरा झाला. सगळा आतून विटांनी बांधलेला. गृहस्थ आमच्या टायरांकडे बघतात, अंगठ्याने दाबतात. "हँकॉकच्या पुढे परवा पाऊस झालाय. चिखल असेल. हवा थोडी सोडा, अजून थोडी. आणि डबक्याच्या कडेने जाऊ नका, मधून जा. कडेने गेलं की वाट रुंद होत जाते आणि खचते."

मी दांडा मारते, तो बाटल्या धरतो. पाण्याला आयोडीनचा वास आहे. सहा बाटल्या भरून होतात. मग भाचा पुढच्या चाकाशी बसून व्हॉल्व्ह दाबतो, अंगठ्याने टायर चाचपतो, पुन्हा थोडी हवा सोडतो, आणि मला म्हणतो, "मावशी, तुझी आण इकडे."